चार वर्षं आणि तीन महिने

गेल्या शनिवारी मामाकडे गेलो होतो. आमचं घर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला, आणि आजोळ दौंड तालुक्यात. मध्ये भीमा आणि दोन्ही तीरांवर ऊसच ऊस. खराडीच्या ऑफिसातून शुक्रवारी रात्री निघायचं, नगर रोडचं ट्रॅफिक खात घर गाठायचं आणि सकाळी चहा पिऊन, बाईकला किक मारून पारगावच्या पुलावरून पलीकडे जायचं, हा माझा ठरलेला वीकेंड. तर या वेळी ओट्यावर टेकतो न टेकतो तोच मामेभाऊ पांढऱ्या पावडरचा एक भलामोठा डबा घेऊन समोर उभा.

"दादा, तू इंजिनियर आहेस ना? वाच बरं काय लिहिलंय."

इंजिनियर असण्याचा आणि प्रोटीन पावडरच्या डब्याचा काय संबंध, हे मी त्याला विचारलं नाही. गावाकडे इंजिनियर म्हणजे इंग्रजी बारीक अक्षरात वाचू शकणारा माणूस. असो. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, तालमीत जातो आणि डोक्यात पोलीस भरती. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, त्यामुळे इकडच्या पोरांना वर्दी लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसते. त्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. राज्य पातळीवर एखादं पदक मिळालं तर आयुष्य मार्गी. पण राज्य पातळी म्हटली की कधीतरी लघवीची तपासणीही आली. आणि डब्यावर ना धड बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता.

मी म्हटलं, "कुठून आणलास?"

"तालमीतल्या एकानं दिला. सगळेच घेतात."

मामा खाटेवर बसून ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "नरसिंगचं काय झालं माहितीये ना?"

आता मामाच्या घरात नरसिंग म्हणजे नरसिंग यादव, महाराष्ट्र केसरी. २०११, २०१२ आणि २०१३, सलग तीन वर्षं. दूध घालणाऱ्याचा मुलगा, मूळ घराणं बनारसकडचं पण वाढला मुंबईत, जोगेश्वरीला. कांदिवलीच्या साई केंद्रात तयार झाला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य आणि महाराष्ट्र पोलिसात थेट उपअधीक्षक. माझ्या मामेभावाच्या डोक्यात जो नकाशा आहे ना, तो नरसिंगने चालून दाखवलेला रस्ता आहे. म्हणून त्या रस्त्यावर पुढे काय झालं ते नीट सांगायला हवं. मामाला जेवढं माहीत आहे तेवढं मला माहीत नव्हतं, आणि मी नंतर जे वाचलं ते मामाला आवडणारं नव्हतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत नरसिंगने ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवलं आणि रिओ ऑलिंपिकचा कोटा देशाला मिळवून दिला. त्याच गटात सुशील कुमारही होता. बीजिंगचं कांस्य, लंडनचं रौप्य, भारतीय कुस्तीतलं सर्वांत मोठं नाव. सुशीलचा जुना ६६ किलोचा गट ऑलिंपिकमधून गेल्यामुळे तो वर सरकला होता. त्याचं म्हणणं, चाचणी कुस्ती घ्या, जो जिंकेल तो रिओला जाईल. महासंघाचं म्हणणं, कोटा ज्याने आणला तोच जाणार. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ६ जून २०१६ ला सुशीलची याचिका फेटाळली गेली. नरसिंग रिओला जाणार हे पक्कं झालं.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. २५ जूनला सोनीपतच्या शिबिरात त्याची तपासणी झाली, ५ जुलैला पुन्हा. दोन्ही पॉझिटिव्ह. औषध होतं मेथॅन्डिएनोन. हे जुनंपुराणं स्टेरॉइड आहे, १९५० च्या दशकात बाजारात आलेलं, डायनाबॉल नावाने जगभरच्या जिममध्ये प्रसिद्ध झालेलं आणि तपासणीत हमखास सापडणारं. इथेच मामाचा पहिला मुद्दा येतो. "ज्याला माहितीये की ऑलिंपिकच्या आधी तपासणी होणारच, तो असलं सापडणारं औषध खाईल कशाला?" दुसरा मुद्दा, खोलीतला जोडीदारही पॉझिटिव्ह निघाला, आणि तेही त्याच औषधासाठी. तो ग्रीको-रोमनचा पैलवान, ऑलिंपिकला जाणारच नव्हता. "मग त्यानं कशाला खाल्लं?"

मुद्दे बिनतोड वाटतात. नरसिंगचंही म्हणणं हेच होतं की जेवणात आणि पेयात कोणीतरी मिसळलं. त्याने पोलिसांत तक्रार दिली. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या समितीने ते मान्य केलं आणि १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. टीव्हीवर हारतुरे, पेढे. नरसिंग विमानात बसला.

मग जागतिक संस्था, म्हणजे वाडा, या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली. ऑलिंपिकच्या काळात या लवादाचं एक खंडपीठ ऑलिंपिकच्याच गावात बसतं. १८ ऑगस्टला रिओमध्ये सुनावणी झाली आणि त्याच दिवशी निकाल आला. चार वर्षं बंदी. नरसिंगची कुस्ती दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला होती.

त्या वेळी मी शाळेत होतो. मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही एवढं आठवतं. "आपल्या पोराला अडकवलं" हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलंय की ते माझंही मत झालं होतं. लवादाने नेमकं काय म्हटलं ते मी कधी वाचलंच नव्हतं. या आठवड्यात वाचलं.

लवादासमोर तज्ज्ञांनी सांगितलं की २५ जूनच्या नमुन्यात औषधाचं प्रमाण इतकं जास्त होतं की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून आलेलं वाटत नाही, एक-दोन गोळ्या तोंडाने घेतल्यासारखं दिसतं. आणि हे एकदाच घडलेलं नसावं. दुसऱ्या बाजूला कटाची गोष्ट होती, पण कटाचा पुरावा नव्हता. लवादाचं म्हणणं साधारण असं, की गोष्ट शक्य आहे, पण शक्य असणं पुरेसं नाही.

इथे नियम समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथेच आहे. फौजदारी खटल्यात पोलिसांना गुन्हा सिद्ध करावा लागतो. उत्तेजकांच्या नियमांत उलट आहे. तुमच्या शरीरात जे सापडलं त्याला तुम्ही जबाबदार. ते कसं आलं हे तुम्हीच दाखवायचं. स्टेरॉइडसारखं औषध असेल तर सुरुवातच चार वर्षांपासून होते, आणि खाली यायचं तर पुरावा तुम्ही आणायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये बग सापडलाय, तो तुमच्याच कोडमध्ये आहे असं धरलंय, आणि सिस्टीममध्ये लॉगिंगच नाही. आता सिद्ध करा की दुसऱ्या कोणी तरी येऊन बदल केला. (ज्यांनी रात्री दोन वाजता असा कॉल अटेंड केलाय त्यांना पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते सांगायला नको.)

हा नियम क्रूर आहे. पण तो नसता तर पकडला गेलेला प्रत्येक जण "कोणीतरी मिसळलं" म्हणाला असता आणि एकही सुटला नाही असं झालं नसतं. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यातले २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. २१३ जणांच्या भाजीत कोणी गोळ्या टाकल्या नसणार. नरसिंगच्या बाबतीत मी आता मामाएवढा ठाम नाही. त्याने खाल्लं असंही मी म्हणू शकत नाही. एवढंच म्हणू शकतो की त्याच्या हातात दाखवायला काही नव्हतं.

आणि आता टेनिस. मामाला टेनिस म्हणजे "ते हिरव्या गवतावरचं", पण याच नियमाखाली तिथे काय झालं ते पाहिलं की नरसिंगची गोष्ट वेगळी दिसायला लागते.

मार्च २०२४ मध्ये इटलीच्या यानिक सिनरच्या दोन तपासण्या पॉझिटिव्ह आल्या. औषध क्लोस्टेबॉल, म्हणजे तेही स्टेरॉइडच. प्रमाण मात्र अगदीच नगण्य, एका मिलिलिटरमागे ग्रॅमच्या एक अब्जांशापेक्षाही कमी. सिनरचं स्पष्टीकरण असं: त्याच्या फिजिओचं बोट कापलं, त्याने जखमेवर इटलीत दुकानात मिळणारा एक स्प्रे मारला, तो स्प्रे सिनरच्याच फिटनेस ट्रेनरने विकत आणलेला होता, आणि त्याच बोटांनी, हातमोजे न घालता, फिजिओने सिनरला मालिश केलं. गोष्ट म्हणून पाहिली तर नरसिंगच्या गोष्टीपेक्षा जास्तच फिल्मी आहे. पण या गोष्टीला कागद होते. औषध कोणी आणलं, कोणी वापरलं, कधी वापरलं हे सांगणारी माणसं होती, आणि "हो, चूक माझी" म्हणणारा फिजिओ होता. शास्त्रज्ञांनी सांगितलं की प्रमाण या गोष्टीशी जुळतं. तात्पुरती बंदी लागली आणि तातडीच्या अपिलावर लगेच उठलीही. नियमाप्रमाणे बाहेर कोणाला कळलंच नाही. जगाला बातमी कळली २० ऑगस्ट २०२४ ला, "दोष नाही" या निकालासकट.

वाडा इथेही लवादाकडे गेली. पण लवादाचा निकाल आलाच नाही, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली: तीन महिने बंदी, ९ फेब्रुवारी ते ४ मे. ऑस्ट्रेलियन ओपन झालेलं, फ्रेंच ओपन व्हायचं. एकही ग्रँड स्लॅम चुकलं नाही. जुलैमध्ये त्याने विम्बल्डन जिंकलं. बऱ्याच खेळाडूंना यात पक्षपात वाटतो, असं खुद्द जोकोविच म्हणाला.

नरसिंगला एका दिवसात चार वर्षं आणि सिनरला वाटाघाटीने तीन महिने, असं लिहिलं की व्हॉट्सॲपवर पाठवायला छान मेसेज तयार होतो. मीही शनिवारी रात्री असाच मेसेज टाइप केला होता, मग खोडला. दोन्ही केसेस सारख्या नाहीत. प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक, आणि सिनरकडे पुरावा होता. पण हा पुरावा उभा करायला काय लागतं? इगा श्वियाटेकलाही २०२४ मध्येच असाच प्रसंग आला. झोपेच्या गोळ्यांत भेसळ निघाली, एक महिन्याची बंदी झाली. नंतर तिने सांगितलं की वकिलावरच सुमारे ७० हजार डॉलर खर्च झाले, तपासण्यांचा खर्च वेगळा. आपले साठ लाख रुपये धरा. तिच्याकडे होते, तिने केले.

आणि ब्रिटनची टारा मूर. दुहेरीत खेळणारी, नावाजलेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोलंबियात बोगोटाला तपासणी झाली आणि दोन स्टेरॉइड सापडली. तिचं म्हणणं, तिथल्या मांसात होती. १९ महिने घरी बसली, डिसेंबर २०२३ मध्ये निर्दोष ठरली, परत खेळायला लागली आणि जुलै २०२५ मध्ये लवादाने तो निकाल फिरवून चार वर्षं बंदी घातली, कारण एका औषधाचं प्रमाण मांसाच्या स्पष्टीकरणात बसत नव्हतं. नरसिंगसारखंच: आधी सुटका, मग अपील, मग चार वर्षं. ही गोष्ट मी मामाला सांगितली तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे गोऱ्यांचंही असंच होतं."

मग त्याने विषय बदलला. किंवा बदलला असं मला वाटलं. तो नुरा कुस्तीबद्दल बोलायला लागला.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. यात्रेतला आखाडा डोळ्यांसमोर आणा. हलगी कडाडतेय, आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनामाचे आकडे चढत जातात, आणि सूर्य कलल्यावर शेवटची मोठी कुस्ती. दोन नामवंत पैलवान आधीच ठरवतात की कोणी कोणाला पाडायचं नाही, वीस मिनिटं खडाखडी करायची, बरोबरीत सोडवून घ्यायची आणि इनाम वाटून घ्यायचं. मामाने स्वतः असं केलं का, हे मी विचारलं. "लहान पैलवानाला कोण विचारतंय," म्हणाला. ते हो होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. :)

पण त्याचं म्हणणं असं की नुरा लपत नाही. मातीच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना पकडीवरून कळतं की जोर खरा आहे की दाखवायचा. एक जण ओरडला "नुरा!" की सगळं मैदान ओरडतं. पंच कुस्ती थांबवतात, इनाम कापलं जातं, आणि पुढच्या वर्षी त्या जोडीला बोलावणं येत नाही. निकाल तिथेच, उघड्यावर, सगळ्यांसमोर.

टेनिसमध्ये कडेला बसलेले म्हातारे नव्हते, सट्ट्याचे आकडे होते. ऑगस्ट २००७, पोलंडमधलं सोपोत. जगातल्या पहिल्या पाचांतला निकोलाय डेव्हिडेंको आणि ८७ व्या क्रमांकाचा मार्टिन वासालो अर्ग्वेयो. डेव्हिडेंको पहिला सेट जिंकला, तरी सट्टेबाजांचा पैसा त्याच्या विरुद्धच वाढत गेला, काही दशलक्ष डॉलर. तिसऱ्या सेटमध्ये दुखापतीमुळे त्याने सामना सोडला. सट्टेबाज कंपनीने सगळे सौदे रद्द केले. म्हणजे मैदान "नुरा" ओरडलं. पण वर्षभराच्या चौकशीनंतर दोघांविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही, आणि ते दोघं आजही नियमाने निर्दोष आहेत. या प्रकरणानंतर २००८ मध्ये टेनिसने भ्रष्टाचाराचा तपास करणारं वेगळं पथक काढलं.

खरी कीड मात्र खाली होती, आणि ती आणण्यात आपल्या क्षेत्राचा हात आहे. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने छोट्या छोट्या स्पर्धांचे थेट स्कोअर एका डेटा कंपनीला विकायला सुरुवात केली. पंच खुर्चीत बसून हातातल्या यंत्रावर गुण नोंदवतो, तो सेकंदात सट्टेबाजांपर्यंत जातो. ज्या सामन्याला प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही, त्यावरही जगभरातून सट्टा लागायला लागला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पंचाने बटण उशिरा दाबलं तर मधल्या वेळात पैसे लावता येतात. लेटन्सी विकायची! कझाकस्तानच्या एका पंचावर २०१५ मध्ये आजीव बंदी आली. त्याआधी २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एका ब्रिटिश तरुणाला पोलिसांनी पकडलं, कारण तो चड्डीत शिवलेल्या बटणाने प्रत्येक गुण बाहेर कळवत होता. आरोप नंतर मागे घेतले गेले.

२०१८ मध्ये एका स्वतंत्र समितीने अहवाल दिला. तीन हजारांहून जास्त खेळाडूंना विचारलं, तेव्हा १४.५ टक्क्यांनी सांगितलं की सामना ठरवून खेळल्याची त्यांना स्वतःला माहिती आहे. त्याच अहवालात मला सर्वांत जास्त लागलेला आकडा हा: पुरुषांत ३३६ वा आणि महिलांत २५३ वा क्रमांक, याच्या खाली खेळाडूचा खर्चही निघत नाही. जगात हजारो जण व्यावसायिक म्हणून खेळतात, आणि बहुतेक सगळे या रेषेच्या खाली.

२०१९ मध्ये मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल पाहिली होती. केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच, तीन सेट, तिन्ही टायब्रेकर, स्टेडियम डोक्यावर घेतलेलं. (ती स्पर्धा २०२३ नंतर पुण्यात होत नाही.) त्याच आठवड्यात एका बाजूच्या कोर्टवर पात्रता फेरीचा सामना पाहिला, दहा-बारा माणसं असतील. एक खेळाडू ब्रेकमध्ये स्वतःच रॅकेटची ग्रिप गुंडाळत होता, सोबत ना कोच ना फिजिओ. तेव्हा मला तो गमतीशीर वाटला होता. आता वाटतं, याच्या मालिशवाल्याचं बोट कापलं तर नको, याला मालिशवालाच नाही.

आणि आपल्याकडे उघड्यावर निकाल लागतो म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी, आमच्या शिरूरहून तासा-सव्वा तासावर. राजगुरुनगरकडच्या शिवराज राक्षेला पंचांनी पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिलं. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा. वाद वाढला, राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षं बंदी. मोहोळविरुद्ध अंतिम कुस्ती अर्धवट सोडणाऱ्या महेंद्र गायकवाडवरही तीन वर्षं. लाथ मारणं समर्थनीय नाहीच. पण खांदे टेकले की नाही यावर गावातल्या पारावर आजही दोन तट आहेत, आणि लाथेचा निकाल मात्र सगळ्यांना पाठ आहे.

नरसिंगची बंदी २०२० मध्ये संपली. तोवर तो तिशीत पोचला होता. २०२४ मध्ये तो कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला, हे मामाला माहीत नव्हतं. सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं." आणि उठून गोठ्यात गेला.

मग मी आणि मामेभाऊ डबा घेऊन बसलो. मी त्याला सांगितलं, सील फोडू नकोस. घेणारच असशील तर बिल असलेला, बॅच नंबर असलेला घे. बिल जपून ठेव, डब्याचा फोटो काढ, थोडी पावडर बंद करून बाजूला ठेव, तारीख लिही. कोणी काही इंजेक्शन देऊ केलं तर तिथून निघून ये. जिममध्ये रक्तदाब वाढवणारं मेफेंटरमाइन विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या मी त्याला फोनवर दाखवल्या. पोराने सगळं ऐकलं आणि विचारलं, "दादा, एवढं सगळं दूध-केळ्याला करावं लागतं का?"

मंगळवारी त्याचा फोन आला. ज्या दुकानातून डबा आला होता तिथे तो बिल मागायला गेला होता. दुकानदार म्हणाला, बिलाचा माल वेगळा, तो महाग पडेल, आणि तुला बिल हवंच कशाला, तू काय ऑलिंपिकला चाललायस? डबा अजून मामाच्या फडताळात आहे, सील न फोडलेला. मामीने त्यावर लोणच्याची बरणी ठेवलीये.